लष्करी रसदीवर रेडिओ टॅग: टॅग निवडण्याआधी तो कुठे वाचणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: डेपोतून निघालेला माल, म्हणजे शिधा, कपडे, सुटे भाग, दारूगोळा, पुढच्या तळापर्यंत पोहोचेतो त्याचा माग आरएफआयडी टॅगने, म्हणजे रेडिओ लहरींवर वाचल्या जाणाऱ्या ओळखचिठ्ठीने, ठेवायचा आहे. टॅग कोणता घ्यावा, तो खरोखर किती अंतरावरून वाचला जातो, आणि शत्रूला तो वाचता येतो का?

आधी एक गैरसमज काढून टाकू. टॅगला स्वतःचा पत्ता माहीत नसतो. ‘मी अमुक’ एवढंच तो सांगतो; ‘इथे’ हे रीडरमुळे, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्रामुळे, कळतं आणि ‘आत्ता’ हे संगणकाच्या घड्याळावरून. पडद्यावर दिसते ती माल शेवटचा कुठल्या दारातून गेला याची नोंद असते. दोन दारांमध्ये चारशे किलोमीटर रस्ता असेल, तर त्या चारशे किलोमीटरांत ट्रक उलटला की चहाला थांबला हे टॅगला विचारून उपयोग नाही. तेवढ्यासाठी उपग्रहाशी बोलणारं यंत्र ट्रकवर बसवावं लागतं. तो वेगळा खर्च आणि वेगळा विषय. म्हणून पहिलं काम टॅगचे नमुने मागवण्याचं नाही. मालाचा रस्ता कागदावर काढा आणि माल कुठे हात बदलतो तिथे खुणा करा. रीडर तिथेच बसवायचे.

हा खटाटोप सुरू झाला त्यामागे एक नामुष्की आहे. १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकेने सुमारे ४०,००० कंटेनर पाठवले आणि त्यांतले निम्म्याहून जास्त केवळ आत काय आहे हे बघायला उघडावे लागले. मागवलेला माल वाटेत आहे की नाही हेच कळत नसल्याने तुकड्या तीच मागणी पुन्हा पुन्हा नोंदवत, आणि ढीग आणखी वाढे. पुढे ४३३ मेगाहर्ट्झचे बॅटरीवाले टॅग कंटेनरवर आले. २००२ मध्ये जनरल टॉमी फ्रँक्स यांनी आपल्या मध्य कमांडच्या (मध्यपूर्व सांभाळणाऱ्या अमेरिकी कमांडच्या) क्षेत्रात येणाऱ्या कंटेनरवर ते सक्तीचे केले. ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याचं धोरण आलं, जुलै २००४ मध्ये ते पक्कं झालं आणि २००५ पासून पुरवठादारांना पेट्या व पॅलेटवर (पेट्या रचून एकत्र उचलायच्या फळीवर) बिनबॅटरीचे टॅग लावायला सांगितलं गेलं. एवढी मोठी यंत्रणा असूनही सुरुवात सस्केहाना आणि सॅन होकीन या दोनच डेपोंपासून झाली, तीही चार प्रकारच्या मालावर: तयार शिधा, कपडे व अवजारं, वैयक्तिक वापराच्या वस्तू आणि शस्त्रप्रणालींचे सुटे भाग. इंधन, वाळू, खडी, कोळसा असा सुटा माल वगळला होता. तुमच्याकडे कुणी ‘सगळ्या मालाला एकदम टॅग’ म्हणत असेल तर त्याला हे दाखवा.

टॅगचे दोन मुख्य प्रकार. पॅसिव्ह टॅगला बॅटरी नसते. रीडरच्या लहरींवर तो जागा होतो आणि त्याच लहरी बदलून परत फेकतो. रसदीत चालतो तो यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा), जेन-टू नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा, म्हणजे आयएसओ १८०००-६३. पट्टा ८६० ते ९६० मेगाहर्ट्झ, पण देशोदेशी मुभा वेगळी: अमेरिकेत ९०२ ते ९२८, युरोपात आणि भारतात ८६५च्या आसपास. टॅग संपूर्ण पट्ट्यात चालणारा घ्यावा आणि रीडर ज्या देशात उभा आहे तिथल्या नियमावर लावावा. एका पट्ट्यापुरता बेतलेला टॅग दुसऱ्या खंडात उतरला की बराच कमी अंतरावरून वाचला जातो, आणि दोष रीडरला दिला जातो. ॲक्टिव्ह टॅगला स्वतःची बॅटरी असते, तो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतो, आयएसओ १८०००-७ प्रमाणे. पेटी आणि पॅलेटला पॅसिव्ह, कंटेनरला आणि मोठ्या यंत्राला ॲक्टिव्ह, ही विभागणी अजूनही शहाणपणाची आहे.

पॅसिव्हच्या अंतराबद्दल कॅटलॉगात १५ मीटर छापलेलं असतं. हिशेब करून बघा. अमेरिकी नियमाने अँटेनातून जास्तीत जास्त ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती). ९१५ मेगाहर्ट्झवर १० मीटर मोकळ्या हवेत सुमारे ५२ डेसिबल गळती होते. उरले उणे १६. टॅगच्या अँटेनाचे २ मिळाले, पण रीडरची अँटेना वर्तुळाकार ध्रुवणाची आणि टॅग सरळ रेषेचा, म्हणून ३ गेले. हाती आले उणे १७ डीबीएम. बऱ्यापैकी चिप उणे २० ला जागी होते. शिल्लक फक्त ३ डेसिबल, आणि ती खायला थोडा तिरपा टॅग किंवा आतला एक डबा पुरेसा आहे. हाच हिशेब ३ मीटरवर केला तर शिल्लक साडेतेराच्या आसपास येते. दार, म्हणजे रीडर बसवलेलं मालदार, ३ मीटरसाठी आखा. १० मीटरवर वाचला गेला तर तो बोनस समजू नका, त्रास समजा: शेजारच्या दारातला माल तुमच्या खात्यात पडतोय.

आता टॅगमध्ये लिहायचं काय? आकडा, आणि फक्त आकडा. अमेरिकी संरक्षण खात्याची ९६ बिटांची मांडणी यासाठी बघण्यासारखी आहे. पहिले ८ बिट शीर्ष, हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) २एफ. पुढचे ४ बिट पातळी सांगतात: शून्य म्हणजे पॅलेट, एक म्हणजे पेटी, दोन म्हणजे सुटं पाकीट. मग ४८ बिटांत पुरवठादाराचा सरकारी कोड, सहा अक्षरं, प्रत्येकी ८ बिट. कोड पाचच अक्षरी असेल तर आधी एक मोकळी जागा, म्हणजे हेक्स २०. शेवटच्या ३६ बिटांत अनुक्रमांक, त्यात ६८ अब्जांहून जास्त आकडे बसतात. त्यामुळे वाचलेला आकडा ‘२एफ०२०’ने सुरू झाला तर पॅलेट आणि ‘२एफ१२०’ने झाला तर पेटी, हे डोळ्यांनीच कळतं. रीडरच्या गाळणीत हीच पहिली अक्षरं घातली की दारात उभ्या माणसाच्या ओळखपत्राचा किंवा शर्टाच्या लेबलाचा टॅग आपोआप बाहेर राहतो. दुसऱ्या देशात वेगळी मांडणी असेल, पण तीन गोष्टी कुठल्याही मांडणीत हव्यात: पातळी, कोणी लावला, आणि पुन्हा कधीही न येणारा क्रमांक. पुरवठादाराने टॅगचं लेबल छापून त्यात आकडा लिहिणारं छपाईयंत्र बदललं आणि क्रमांक परत एकपासून सुरू केले, ही चूक हमखास होते. दोन पॅलेट एकाच नावाने हिंडू लागतात आणि ते पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा एक पॅलेट एकाच तासात दोन डेपोंत दिसत असतो.

टॅग चिकटवणं हे वाटतं तितकं सोपं नाही. बरेच बिघाड इथले. धातू लहर परतवतो आणि त्याच्या पृष्ठभागालगत विद्युत क्षेत्र जवळजवळ शून्य होतं, त्यामुळे पत्र्यावर थेट चिकटवलेला साधा लेबल-टॅग मुका होतो. पाणी लहर शोषतं. लष्करी शिध्यात दोन्ही एकत्र येतात: ओलं अन्न आणि त्याभोवती ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट. अशा खोक्याच्या ज्या बाजूला आतून थोडी पोकळी राहते ती बाजू शोधा. एकच टॅग हातात धरून, हँडहेल्डची, म्हणजे हातात धरायच्या रीडरची, शक्ती कमी करत, खोक्याच्या चारही बाजूंवर दहा-बारा जागी लावून बघा. सर्वात कमी शक्तीवर जिथे वाचला जातो ती जागा. पोकळी नसेलच तर मागे ५-६ मिलिमीटर फोम लावा. दारूगोळ्याच्या पत्र्याच्या डब्यांना आणि यंत्रभागांच्या लोखंडी पेट्यांना धातूवर चालणारा टॅगच हवा. तो जाड असतो आणि महाग. तो खोक्यावर लावला तर उलट वाईट वाचला जातो, कारण त्याची अँटेना मागे धातू आहे असं धरूनच बेतलेली असते. दोन्ही प्रकार एकाच फडताळावर ठेवू नका.

बाकी किरकोळ नियम: कडेपासून ५ सेंटीमीटर आत, बारकोडवर नाही, लोखंडी पट्टीखाली नाही, दोन टॅग एकमेकांवर नाहीत. पॅलेटचा टॅग प्लास्टिक गुंडाळून झाल्यावर, बाहेरून. गुंडाळताना तयार होणारी स्थिर वीज चिप मारू शकते आणि मेलेला टॅग दिसायला अगदी जिवंतासारखाच असतो. छपाईयंत्र लिहितानाच टॅग तपासतं आणि बिघडलेल्यावर फुली छापतं. ती फुलीची लेबलं मोजून फाडून टाका, नाहीतर घाईत कोणीतरी तेच चिकटवतं.

दार. साधारण ३ मीटर रुंद मालदारासाठी चार अँटेना, दोन्ही बाजूंना दोन-दोन, एक गुडघ्याच्या वर आणि एक छातीच्या वर. एकाच बाजूला चार लावू नका: फोर्कलिफ्टचा मास्ट (पुढचा उभा खांब) आणि स्वतः माल मिळून पलीकडची बाजू झाकतात. फोर्कलिफ्ट ताशी १० किलोमीटरने गेला तर सेकंदाला २.८ मीटर कापतो. वाचनक्षेत्र ३ मीटर धरलं तर हातात एक सेकंद. चार अँटेना आळीपाळीने चालतात, म्हणजे प्रत्येकीला पाव सेकंद. पॅलेटचा एक टॅग वाचायला हे भरपूर आहे. पॅलेटवरच्या साठ पेट्याही याच सेकंदात वाचू, असं विक्रेता सांगेल. कोरड्या कापडाच्या गाठींचं जमेलही. शिध्याच्या किंवा बॅटऱ्यांच्या पॅलेटमध्ये मधल्या पेट्यांपर्यंत लहर पोहोचतच नाही आणि रीडर कितीही महाग घेतला तरी त्यात फरक पडत नाही.

रीडर सतत चालू ठेवू नये. दाराला एक मीटर अंतराने दोन प्रकाशकिरण लावा. कोणता आधी तुटला त्यावरून माल आत आला की बाहेर गेला ते कळतं आणि किरण तुटल्यावरच रीडर पेटतो. जेन-टूमध्ये सत्र निवडता येतं, म्हणजे उत्तर दिल्यावर टॅगने किती वेळ गप्प बसायचं ते ठरवता येतं. एकाच टॅगच्या वाटेकडे डोळे असतील तर सत्र शून्य, म्हणजे टॅग पुन्हा पुन्हा उत्तर देतो आणि सिग्नलचा चढउतार दिसतो. बरेच टॅग एकदम मोजायचे असतील तर सत्र एक किंवा दोन: एकदा उत्तर दिलेला टॅग थोडा वेळ गप्प बसतो, मागच्यांना संधी मिळते. चुकीचं सत्र लावलं की दोन दारं लागून असताना पहिल्या दाराने गप्प केलेला टॅग दुसऱ्याला सापडत नाही. हा दोष शोधायला लोक अँटेना बदलत बसतात.

शेजारच्या दाराची घुसखोरी थांबवायला आधी शक्ती कमी करा, मग दोन दारांमध्ये धातूची जाळी, मग सिग्नलच्या जोराची तुलना. याच क्रमाने. आणि दारावर हिरवा-लाल दिवा लावाच. टॅग वाचला गेला नाही हे चालकाला त्याच क्षणी कळलं तर तो दोन मीटर मागे घेऊन पुन्हा येतो. संध्याकाळी अहवालात कळलं तर माल ट्रकवर बांधून गेलेला असतो.

साठ पेट्या वाचता येत नाहीत तर आत काय आहे हे कसं कळणार? जोडणीने. पॅलेट रचताना प्रत्येक पेटी टेबलावर एकेक वाचायची, आणि ‘या साठ पेट्या या पॅलेटच्या पोटात’ अशी नोंद करून ती माल निघण्याआधी पुढच्या डेपोला पाठवायची. पुढे प्रत्येक दारात फक्त पॅलेट वाचायचा. टॅगवाल्या रसदीचा कणा हा आहे, आणि ती मोडते तीही इथेच. वाटेतल्या तळावर कोणी प्लास्टिक फाडून सहा पेट्या काढतो, कारण त्याला त्या हव्या असतात आणि तसा हुकूमही असतो. पॅलेट पुढे जातो, हिरवा दिवा लागतो, संगणक साठ सांगतो, जागेवर चोपन्न असतात. यावर यंत्राचा इलाज नाही. जिथे पॅलेट फोडला जाऊ शकतो अशा प्रत्येक ठिकाणी हँडहेल्ड आणि ‘फोडला’ नावाचं एक मोठं बटण द्या. सहा पेट्या वाचा, बटण दाबा, जोडणी तुटली. पाच-सहा पडद्यांचा फॉर्म दिलात तर तो कोणी भरणार नाही, आणि रात्री दोन वाजता पावसात उभ्या माणसाला दोषही देता येणार नाही.

कंटेनरचं गणित वेगळं. ४३३ मेगाहर्ट्झची लहर ६९ सेंटीमीटरची, ९१५ची ३३. लांब लहर लोखंडी रांगांच्या कडेने बरी वळते, आणि बॅटरी असल्याने टॅग मोकळ्यात शंभर मीटरच्या आसपास ऐकू येतो. मात्र बंद पोलादी डब्याच्या आत टांगलात तर काही नाही. तो बाहेर, दाराच्या पन्हळीच्या खोबणीत, शेजारच्या कंटेनरला घासणार नाही असा बांधावा. लष्करी ॲक्टिव्ह टॅगांत १२८ किलोबाइटपर्यंत स्मृती मिळते आणि तिच्यात सामानाची यादीच लिहिता येते. जिथे जाळं नाही अशा पुढच्या तळावर हँडहेल्डने कंटेनर न उघडता यादी वाचता यावी हा त्यामागचा हेतू. सोय मोठी, पण जोखीमही तेवढीच. तिच्याकडे खाली येतो.

ॲक्टिव्हमध्ये सर्वात जास्त डोकेदुखी बॅटरीची. लिहिण्याआधी तिची पातळी तपासणं सक्तीचं ठेवा, कारण समुद्रमार्गाने आठवडे जातात. ठरावीक वेळाने आपणहून बोलणारा टॅग जितक्या वेळा बोलेल तितकी बॅटरी लवकर संपेल. उभ्या कंटेनरने दर मिनिटाला हजेरी द्यायची गरज नसते. आणि परतीचा प्रश्न: माल उतरला, टॅग सुटा झाला, पोत्यात पडला, पण नोंद पुसली नाही आणि बॅटरीही काढली नाही. तो पोत्यातून बोलत राहतो. पडद्यावर तळावर दोनशे कंटेनर दिसतात, अंगणात तीसही नसतात. टॅग सोडवल्याबरोबर आधी नोंद बंद, मग बॅटरी बाहेर, मग पोतं. मित्रदेशांशी माल अदलाबदल होणार असेल तर नाटोचा स्टॅनॅग २२३३ हा करार आधी वाचा. टॅगपेक्षा माहितीची देवघेव कशी करायची यावर त्याचा उपयोग होतो.

दारूगोळा. विजेने पेटणाऱ्या सुरवातकाला, म्हणजे डिटोनेटरसारख्या भागाला, रेडिओ लहरीने पुरेसा प्रवाह मिळाला तर तो उडू शकतो किंवा निकामी होऊ शकतो. पॅसिव्ह टॅग स्वतः काही सोडत नाही, धोका रीडरचा. ४ वॅटच्या अँटेनासमोर १ मीटरवर विद्युत क्षेत्र मीटरला सुमारे ११ व्होल्ट, ३ मीटरवर साडेतीनच्या जरा वर. बंद पत्र्याच्या डब्यात ते फारसं पोहोचत नाही. धोका डबा उघडा असतो, तारा मोकळ्या असतात किंवा जुळणी चालू असते तेव्हाचा. हा आकडा केवळ अंदाज येण्यासाठी दिला. प्रत्यक्ष सुरक्षित अंतर रीडरचं मॉडेल आणि दारूगोळ्याचा प्रकार यांच्या जोडीला तपासून प्रमाणित केलेलं असावं लागतं, आणि ते नसेल तर दारूगोळ्याच्या कोठारात रीडर आणूच नये. हँडहेल्ड जास्त जपा: दार जागचं हलत नाही, हँडहेल्ड मात्र कोणीही उघड्या डब्यापासून वीतभर अंतरावर नेतो.

शत्रूचं काय? पॅसिव्ह टॅग एकटा गप्प असतो, पण कोणीही चार वॅट टाकून त्याला बोलतं करू शकतो. नियमाची मर्यादा न पाळणारा आणि मोठी अँटेना आणणारा माणूस १० मीटरवर थांबत नाही. २०१० मध्ये ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेच्या वेळी एका संशोधकाने टॅग २१७ फुटांवरून, म्हणजे सुमारे ६६ मीटरवरून वाचून दाखवला होता. तुमचा रीडर आणि ॲक्टिव्ह टॅग तर त्याहून कितीतरी लांब ऐकू जातात, भले आत काय लिहिलंय ते कळो न कळो. पुढच्या फळीत ‘इथे काहीतरी बोलतंय’ एवढंच पुरेसं असतं. २०२१ मध्ये असोसिएटेड प्रेसने अमेरिकी सैन्यातल्या काही तुकड्या बंदुकांना टॅग लावत असल्याचं उघड केलं, तेव्हा मरीन कोअरने हाच आक्षेप सांगितला होता: सैनिकाची डिजिटल खूण लपवणं अवघड होतं. शस्त्रागाराच्या दारात मोजणी झटपट होते हे खरं, पण ती बंदूक उद्या बाहेर जाणार आहे. माझ्या मते सैनिकाच्या अंगावर जाणाऱ्या कशालाही टॅग नको.

मालासाठी उपाय साधे आहेत. टॅगमध्ये ‘१५५ मिलिमीटर तोफगोळे’ असं काही लिहू नका. निव्वळ क्रमांक, अर्थ सर्व्हरवर. क्रमांक ओळीने देऊ नका, कारण दोन पॅलेट वाचून मधे किती गेले ते मोजता येतं. जेन-टू टॅगमध्ये ३२ बिटांचे दोन परवली आकडे असतात, एक लिहिण्याचा आणि एक टॅग मारण्याचा. कारखान्यातून ते शून्य असतात. लिहिण्याचा आकडा शून्य ठेवून स्मृती कुलूपबंद केली नाही तर जवळ येणारा कोणीही तुमचा क्रमांक बदलू शकतो. मारण्याचा शून्य असेल तर टॅग मरतच नाही, म्हणजे पुढच्या तळावर ‘आम्ही टॅग मारले’ हा समज खोटा ठरतो. दोन्ही आकडे लिहितानाच भरा. ३२ बिट ही काही तिजोरी नव्हे. खरी ओळखपडताळणी हवी तर २०१३ नंतरच्या जेन-टू दुसऱ्या आवृत्तीतल्या सांकेतिक क्षमतेच्या चिपा घ्या आणि रीडरही तसेच आहेत ना ते तपासा. ॲक्टिव्ह टॅगवरची सामानाची यादी संवेदनशील मालासाठी रिकामी ठेवा.

चाचणी घ्याल तेव्हा एकच मार्ग आणि एकाच प्रकारचा माल घ्या, जमलं तर सर्वात वाईट वाचला जाणारा. दारात किती टॅग वाचले गेले याची टक्केवारी सगळेच मोजतात. तुम्ही शेवटच्या तळावर दर विसावा पॅलेट उघडून पेट्या हाताने मोजा आणि जोडणीच्या नोंदीशी ताडा. आणि प्रत्येक लेबलवर टॅगमधलाच आकडा बारकोडने आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापा. चिप मेली, बर्फ साचला, रीडरचं जनरेटर बंद पडलं, तरी टॉर्च घेऊन उभा असलेला माणूस तो आकडा वायरलेसवर वाचून सांगू शकतो.